वृद्धाश्रमातील दिवस आणि आमची प्रश्नावली

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते. या परिसरातील एका वृद्धाश्रमात आम्ही काही शिक्षक पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. निमित्त होते ‘जीवनकथन’ या विषयावरील प्रकल्पाचे. सोबत वीस प्रश्नांची प्रश्नावली होती. मुले किती, कुठे असतात, भेटायला येतात का, येथे कोणी आणून सोडले, अशी तिची सुरुवात. ऐंशीच्या घरातील एका आजींनी चार-पाच उत्तरे दिली आणि मग शांतपणे म्हणाल्या, “पोरांचं इचारून झालं असंल तर आता माझं काय ते इचारा की.”

आम्ही ओशाळलो. वीसपैकी तेरा प्रश्न मुलांविषयीचे होते. ज्यांचे जीवनकथन हवे होते, त्यांनाच आम्ही त्यात दुय्यम पात्र करून टाकले होते.

ही चूक आमच्या एकट्याची नाही. मराठी साहित्याने वार्धक्याकडे बहुधा अपत्यांच्या खिडकीतूनच पाहिले आहे. 1970 साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब मुलामुलींच्या घरांतून उन्मळून पडतात. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधील नाना-नानींचे दिवस मुलांच्या वाटेकडे डोळे लावून सरतात. या नाटकांचे मोल कमी करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यांच्या प्रभावातून एक साचा तयार झाला आणि वार्षिक अंकांतील कथांपासून निबंधांच्या वह्यांपर्यंत तोच गिरवला जाऊ लागला. या साच्यातील वृद्ध व्यक्ती म्हणजे मुलांविरुद्धचे आरोपपत्र. तिचा स्वतःचा दिवस त्यात कोठेच नसतो.

आजींनी मग आपणहून सांगितले ते असे. लग्नानंतर नवरा मुंबईला गिरणीत. सातारा जिल्ह्यातील कितीतरी घरांची हीच रीत होती. पुरुष परळ-लालबागला, बाई गावाकडे. मनिऑर्डर यायची, पण ज्वारीची पेरणी, सासूचे आजारपण, भावकीतील बांधाचा तंटा हे सारे त्यांनीच निभावले. 1982 च्या संपानंतर नवरा कायमचा परतला आणि घरातील निर्णय त्याच्याकडे गेले. “तवर मीच कारभारी व्हते,” असे म्हणून त्या हसल्या. आमच्या प्रश्नावलीत या कारभाराला रकाना नव्हता.

आणि त्यांचा आजचा दिवस? पहाटे चारला जाग येते. ती शेतातली सवय. आश्रम उठेपर्यंत त्या अंथरुणावर बसून देवासाठी वाती वळतात. नाश्त्यानंतर स्वयंपाकघरात धान्य निवडायला जातात. त्यांना कोणी सांगितलेले नाही, पण तांदळातला खडा दुसऱ्या कोणाला सापडत नाही असे त्यांचे ठाम मत आहे. दुपारी एक निवृत्त शिक्षिका वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवतात. कांद्याचे भाव आले की आजी त्यावर भाष्य करतात. संध्याकाळी भजन, मग गोळ्या, मग दूरचित्रवाणीवरची मालिका. रात्र मात्र लांबते. तिच्याविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत, आम्हीही खोदून विचारले नाही.

येथे शांता हुबळीकर यांची आठवण होते. प्रभातच्या ‘माणूस’ (1939) मधील मैना म्हणून गाजलेल्या या अभिनेत्रीने उत्तरायुष्यातील काही वर्षे वसईच्या महिलाश्रमात काढली. 1992 साली त्यांचे निधन झाले. त्यांची गोष्ट वैभवाकडून विपत्तीकडे अशा सरळ रेषेत सांगण्याचा मोह आपल्याला होतो. पण त्यांनी ‘कशाला उद्याची बात’ हे आत्मचरित्र लिहिले आणि स्वतःची गोष्ट सांगण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला. शिरवळच्या आजींना लिहिता येत नाही. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील कोणते प्रसंग कागदावर उतरायचे, हे आमच्यासारख्यांच्या प्रश्नांवर ठरते.

यावर कोणी म्हणेल की अशा वर्णनाने मुलांची जबाबदारी झाकली जाते. तसे होण्याचे कारण नाही. आईवडिलांच्या चरितार्थाची जबाबदारी 2007 च्या केंद्रीय कायद्याने मुलांवर टाकलेली आहे आणि ती त्यांनी पाळलीच पाहिजे. हेळसांड झाली असेल तर ती लिहावी. मात्र कायद्याला पीडित आणि दोषी ठरवून थांबता येते, साहित्याला तसे थांबता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये रोजच्या घरगुती घडामोडींना केवढे स्थान आहे, हे आपण वर्गात कौतुकाने शिकवतो. मग जिवंत माणसासमोर बसल्यावर तेच भान का सुटावे?

आमच्या विद्यार्थ्यांनी परतल्यावर प्रश्नावली नव्याने केली. तिचा पहिला प्रश्न आता ‘आज सकाळपासून काय काय केलंत?’ असा आहे. मुलांविषयीचे प्रश्न शेवटी आहेत आणि ते विचारण्यापूर्वी परवानगी घ्यायची आहे. पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा शिरवळला जाणार आहोत. सकाळी दहाच्या आत येऊ नका, असा आजींचा निरोप आहे; तोवर त्यांचे धान्य निवडणे चालू असते.