सहभागी, पण कशात?

‘पार्टिसिपेशन’ हा इंग्रजी शब्द फार सोशिक. शालेय स्पर्धेत बक्षीस हुकलेल्या मुलाच्या हाती ठेवतात ते याच नावाचं प्रमाणपत्र. शेअर बाजारातली ‘पी-नोट’ (पार्टिसिपेटरी नोट) ही याच शब्दाच्या घरची; ती घेणाऱ्या परदेशी गुंतवणूकदाराला सेबीकडे स्वतःची नोंदणी न करताच बाजारात उतरता येतं. सरकारी योजनेत तो ‘लोकसहभाग’ होऊन आला की गावकरी आधी खिसा चाचपतात. पाणीपुरवठ्याच्या २००२च्या स्वजलधारा योजनेत खर्चाचा १० टक्के वाटा गावाने उचलायचा होता. आपल्याकडे ‘भाग घेणे’ आणि ‘भाग पाडणे’ यांत एका क्रियापदाचंच अंतर आहे, हे अशा वेळी आठवतं.

अमेरिकेच्या शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ साली या शब्दाची झाडाझडती घेतली. नागरिकांच्या सहभागाची त्यांनी आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं गुंडाळलं जातं. मधल्या तिन्हींवर माहिती देणं, मत विचारणं, चुचकारणं चालतं. अर्नस्टीन त्याला देखावाच म्हणतात. निर्णयात खरा हिस्सा मिळतो तो सहाव्या पायरीपासून. लेखात त्यांनी फ्रेंच विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रकही दिलं. त्यात ‘सहभागी होणे’ हे क्रियापद मी, तू, तो, आम्ही, तुम्ही असं चालवलं आहे. ‘ते’पाशी आल्यावर मात्र क्रियापदच बदलतं आणि ते नफा कमावतात.

आपल्या पर्यावरणविषयक जनसुनावणीला या शिडीवर कुठे बसवायचं? २००६च्या अधिसूचनेनुसार ३० दिवसांची नोटीस निघते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं. कागदोपत्री नाव ठेवायला जागा नाही. पण प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांचा मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत; मराठीत मिळतो तो त्याचा सारांश. गणपूर्तीची अट नाही, म्हणजे मांडव ओस असला तरी सुनावणी ‘पार पडली’. माइकवर बोलणाऱ्याची जमीन जाणार असली तरी ‘नको’ म्हणण्याचा त्याचा अधिकार आक्षेप नोंदवण्यापाशी संपतो. ही चौथी पायरी झाली, मत विचारण्याची. तिला लोकसहभाग म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

याहून वर चढता येतच नाही, असं मात्र नाही. ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांपुढे ठेवायला लावला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि केंद्राला खाणीची परवानगी नाकारावी लागली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तिथे बांबूचं काय करायचं ते ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. दोन्हीकडे लोकांच्या हाती निर्णय होता. बाकी ठिकाणी असते ती हजेरी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जनसुनावणीला जाणाऱ्यांनी नुसत्या भाषणावर भागवू नये. नोंदवलेल्या आक्षेपांची दखल प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीला अंतिम अहवालात घ्यावी लागते. तेव्हा आक्षेप लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि अंतिम अहवालात त्याला काय उत्तर दिलंय, ते ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा.