तीर्थरूपांचे कासव

कंधारात उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना दाखवायला किल्ला आणि जगतुंग सागर. वाघ पाहायचा तर हैदराबाद गाठावे लागते. आमचे वडील मात्र वाघासाठी अडून नव्हते. 1956 पर्यंत आमचा मुलूख हैदराबादेकडे होता. त्या काळी काकांचे बोट धरून गेले असता त्यांनी तिथल्या बागे-आममध्ये एक भले थोरले कासव पाहिले होते, गालापागोस बेटांकडच्या जातीचे. 1963 साली नेहरू प्राणिसंग्रहालय निघाले आणि स्वारी बाडबिस्तरा घेऊन मीर आलम तलावाकाठी राहायला गेली.

"असंल अजून. कासवाला काय घाई?" वडील म्हणत.

घाई आम्हांलाही नव्हती. एका साली उत्तरपत्रिका, एका साली मेहुणीचे लग्न. (उत्तरपत्रिका दरसालच असतात म्हणा!)

अखेर 2024 च्या मेमध्ये गाडी काढली. दशम्या, कांद्याची चटणी, पाण्याची कळशी. देगलूर सोडताच धाकट्याला गाडी लागली. पोचल्यावर मुले वाघाकडे धावली, वडील काठी टेकीत कासवाकडे निघाले.

रखवालदार म्हणाला, "बडे मियाँ तो इसीच साल गुजर गए."

सुमारे सव्वाशे वर्षांचे होते म्हणे.

वडील सावलीत बसले. दशमी सोडली, अर्धी आमच्या हातावर ठेवली.

"मास्तर, मुंबईला राणीच्या बागेत पेंग्विन आणलेत म्हणतात. औंदाच दाखव. दिवाळीच्या सुट्टीत."