बीज सुधारित, पण पाणी कोणते?

मत्स्यशेतीत ‘सुधारित बीज’ या शब्दांना सध्या मोठे वजन आहे आणि ते अनाठायी नाही. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये नाईल तिलापियाचे आफ्रिकेतील जंगली वाण आणि आशियातील तळ्यांतले वाण एकत्र आणून ‘गिफ्ट’ हा सुधारित वाण घडवायला सुरुवात झाली. निवडीच्या पहिल्या पाच पिढ्यांत वाढ दर पिढीला १२ ते १७ टक्क्यांनी सुधारली. भुवनेश्वरच्या ‘सिफा’ या मत्स्यसंशोधन संस्थेनेही निवड पद्धतीनेच ‘जयंती’ रोहू दिला.

मात्र ही निवड मुख्यतः गोड्या पाण्यातली. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. त्यामुळे गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी शिरत राहते आणि क्षार झिरपून जातात. खाऱ्यात उलटे: अंगातले पाणी ओढले जाते, मग मासा खारे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील खास पेशी बाहेर टाकतात. हे काम फुकट होत नाही. खाद्याचा जो भाग त्यात खर्ची पडतो, तो वजनात दिसत नाही. किती खर्ची पडेल, हे ठरते जातीवर आणि कुळावर. मोझांबिक तिलापिया समुद्राच्या पाण्यातही तगतो, पण वाढीत मागे. नाईलचे नेमके उलट. म्हणून तर फिलिपिन्समध्येच दोघांच्या संकरातून ‘मोलोबिकस’ तयार करावा लागला. गोड्या तळ्यात पहिले आलेले कूळ निमखाऱ्यातही पहिलेच येईल, असे गृहीत धरता येत नाही.

कोकणात हा प्रश्न अधिक अवघड, कारण इथले पाणी वर्षभर एकसारखे नसते. भर पावसात खाडीचा वरचा भाग जवळजवळ गोडा होतो, मे महिन्यात खारेपणा चढतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात जिताडा हा मासा पूर्वापार तळ्यांत वाढवला जातो, तो ही ये-जा सोसतो म्हणूनच. (चवीचा मुद्दा वेगळा, त्यावर रायगडकरांशी वाद घालू नये.) चेन्नईच्या ‘सिबा’ या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यशेतीच्या संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. वाढीसाठी निवड करायची, तर ती त्याच्यावर आणि इथल्याच पाण्यात व्हायला हवी.

अनुदानाच्या यादीत वाणाचे नाव घालताना तो किती क्षारतेला तपासला, हेही शासनाने नोंदवावे. शेतकऱ्यांनीही बोटुकली घेण्यापूर्वी आपल्या तळ्याची मे आणि ऑगस्टमधली क्षारता मोजून घ्यावी आणि बीज कोणत्या पाण्यात वाढले, हे विक्रेत्याला विचारावे.