गिलावा थांबवा, आधी भेग मोजा

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, माजरी, वणी अशा कोळसा पट्ट्यातल्या घरमालकांना ही विनंती आहे, आणि ती दिवाळीच्या रंगरंगोटीआधी पोहोचायला हवी. पाऊस ओसरला की गवंडी येतो, भिंतीतल्या भेगा सिमेंटने भरतो, वर पुट्टी आणि रंग चढतो. घर सणाला उजळते, पण भेग कशी पडली हे सांगणारा पुरावा त्याच दिवशी बुजतो. पुढे भरपाई मागायला गेलात आणि समोरून ‘भेग जुनीच असेल’ किंवा ‘तुमचाच नळ गळत असेल’ असे आले, तर दाखवायला हातात काही उरत नाही.

घाई करण्याचे कारण सगळ्यांनी पाहिलेले आहे. 26 ऑगस्ट 2022 रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर बघता बघता जमिनीत गेले. खड्डा 60-70 फूट खोल असल्याचे तेव्हा सांगितले गेले. घर हादरताच माणसे बाहेर धावली, म्हणून वाचली. आसपासच्या कुटुंबांनाही घरे सोडावी लागली.

अशा वेळी ‘खाण की पाणी’ हा वाद लगेच सुरू होतो. पण जुन्या भूमिगत खाणीच्या बाबतीत तो अनेकदा अर्धवटच असतो. अशा खाणीत कोळशाचेच खांब राखून मधला कोळसा काढतात. पोकळी वाळूने नीट भरलेली नसेल आणि खाण उथळ असेल, तर छत थोडे थोडे ढासळत वर सरकते. खाण बंद पडून पंप थांबले की आत पाणी चढते, खांब कमकुवत होतात, आणि जोराच्या पावसात वरची माती पोकळीत वाहून जाते. घर खचते ते पावसाळ्यात. पण तेवढ्यावरून दोष एकट्या पावसाचा ठरत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्रत्येक भेगेचे खापर खाणीवर फोडणाऱ्यांनी आपली खरी प्रकरणेही पातळ केली आहेत. आपल्याकडची काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते, आणि उथळ पायाची घरे तिच्याबरोबर दरवर्षी हलतात. अशी भेग बहुधा मे महिन्यात रुंदावते आणि श्रावणात मिटत येते. शोषखड्डा किंवा नळाची गळती असेल तर नुकसान घराच्या एकाच कोपऱ्यात दिसते, भिंतीला खालून ओल आणि लोणा धरतो. जमीन खचत असेल तर मात्र भेग घराची हद्द मानत नाही. फरशी, कुंपण, रस्ता, शेजारचे जोते अशी ती एका रेषेत पुढे जाते. म्हणून एकट्याने तक्रार करण्याआधी गल्लीतल्या सगळ्या घरांचा एक साधा नकाशा काढा आणि प्रत्येक भेग त्यावर दाखवा. कुठल्याही एका फोटोपेक्षा हा कागद जास्त बोलतो.

मोजणीला खर्च नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. भेगेच्या अलीकडे-पलीकडे दोन खुणा करून त्यांतले अंतर दर आठवड्याला त्याच पट्टीने मोजा. पट्टी भिंतीला लावूनच फोटो काढा. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याचे मीटर फिरते का बघा. फिरत असेल तर गळती आधी दुरुस्त करा, म्हणजे तो आक्षेप संपला. विहिरीची पातळी दोराने मोजून त्याच वहीत लिहा. ओपनकास्टजवळ राहत असाल तर प्रत्येक ब्लास्टिंगची तारीख आणि वेळही नोंदवा. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाने खाणीच्या मालकीची नसलेल्या घरांजवळ जमिनीच्या कंपनाला मर्यादा घातली आहे. कंपनाची वारंवारता 8 हर्ट्झच्या खाली असेल तर वेग सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झमध्ये 10 आणि त्यापुढे 15. तुमच्या वहीतली वेळ खाणीच्या नोंदीशी ताडता आली, तरच या आकड्यांचा उपयोग.

एक अपवाद. दारे अचानक घट्ट बसू लागली, फरशी पोकळ वाजू लागली, अंगणात खड्डा पडला किंवा भेग एका दिवसात डोळ्यांना कळेल इतकी वाढली, तर वही-पट्टी ठेवा आणि आधी सगळे घराबाहेर पडा. लगेच तहसीलदारांना कळवा, शेजाऱ्यांनाही उठवा. सामानासाठी पुन्हा आत जाऊ नका.

बाकीच्यांनी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपरिषदेकडून एकत्रित अर्ज द्यावा आणि तलाठ्याकडून पंचनामा मागावा. माहितीच्या अधिकारात तुमच्या गट क्रमांकाखालचा खाणीचा नकाशा, कोळसा काढल्याची वर्षे, वाळूभरणाची नोंद आणि ब्लास्टिंगच्या कंपनाची मोजमापे मागा. एरवी उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. जिवाचा प्रश्न असेल तर 48 तासांची, पण तसे अर्जात स्पष्ट लिहावे लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही वेळा मोजते. जवळच्या विहिरीचे जुने आकडे तिच्याकडून घ्या आणि आपल्या वहीशेजारी लावा.

शेवटची विनंती निवृत्त ओव्हरमन, सर्व्हेअर आणि मायनिंग सरदारांना. कुठली गॅलरी कुठल्या वॉर्डाखाली गेली, कुठे पाणी फुटले होते, कुठला भाग वाळू न भरता सोडला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कागदावरचा नकाशा मिळायला वेळ लागतो, कधी तो अपुरा निघतो. येत्या ग्रामसभेला या, आठवेल ते गावाच्या नकाशावर दाखवा आणि खाली सही करा. कोणत्या घरांची पाहणी आधी करायची, हे त्यावरून ठरवता येईल.