हप्ता चुकला म्हणून गाडीचा विमा महाग नको

वसईच्या एव्हरशाईन सिटीत मी मोटार विम्याची कामं करते. इथल्या सोसायट्यांतल्या एमएच 48च्या गाड्यांच्या पॉलिसी दरवर्षी माझ्या हातून रिन्यू होतात. प्रीमियम कसा ठरला ते कागदावर ओळीओळीनं दिसतं. गाडीची आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, इंजिनाचे सीसी, नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर 20 टक्के सूट, सलग पाच वर्षं नसेल तर 50 टक्के. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकारच ठरवतं. 2022 मध्ये 1000 ते 1500 सीसीच्या खासगी गाडीसाठी तो 3,416 रुपये ठरला, मालक कोणीही असो.

या कागदावर सिबिल स्कोअरची, म्हणजे कर्जफेडीच्या पतगुणांकाची ओळ कधीच येऊ नये. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पत पाहून गाडीच्या विम्याचा दर लावतात. आपल्याकडेही पतमाहिती मागवण्याची मुभा पतमाहिती कंपन्यांबाबतच्या 2006च्या नियमांनी विमा कंपन्यांना दिली आहे. म्हणून आताच बोललं पाहिजे.

सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं पीएमसी बँकेवर निर्बंध आणले. सुरुवातीला खात्यातून फक्त 1000 रुपये काढता येत होते. माझ्या एका ग्राहकाची सगळी बचत तिथेच होती. त्या काकांचे घराचे हप्ते थकले, स्कोअर घसरला. त्यांच्या गाडीला मात्र ओरखडाही नव्हता, बोनस पूर्ण 50 टक्के. बँक बुडाली म्हणून ब्रेकवरचा पाय चुकत नाही.

कमी स्कोअरवाल्यांचे क्लेम जास्त येतात, असं कंपन्या सांगतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या 2007च्या अहवालातही तसा संबंध दिसला. पण त्याच अहवालात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांचे स्कोअर सरासरीनं कमी असल्याचंही आढळलं. म्हणजे आधीच मागे पडलेल्यालाच जास्त भुर्दंड. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाईत पत पाहून दर लावायची पद्धत चालत नाही, तरी तिथल्या कंपन्यांचा धंदा चालतोच.

आपल्याकडे विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा आहे. जे घ्यावंच लागतं, त्याचा दर माणसाच्या अडचणीवर ठरवणं अन्याय आहे. गाडी किती आणि कशी चालवली यावर दर लावायला विमा नियामक आयआरडीएआयनं जुलै 2022 मध्ये परवानगी दिली. तोच रस्ता योग्य. मोटार विम्यात पतगुणांक वापरता येणार नाही, एवढं एक वाक्य आयआरडीएआयनं नियमात स्पष्ट लिहावं.