आधी पाणी, मग दवाखाना

वलीम्याचे जेवण आटोपले होते. मोठी माणसे पान लावत बसली होती. चार वर्षांच्या मुलाने मामाची चुन्याची पुडी उचलली, दोन्ही मुठींत दाबली, आणि फुटलेल्या पुडीतला चुना थेट डाव्या डोळ्यात उडाला. नानीने पदराने डोळा पुसला, गुलाबजलाचे थेंब घातले, कुणीतरी तूप लावले. मग गाडीची शोधाशोध. आमच्या अपघात विभागात पोर पोहोचले तेव्हा दीड तास उलटून गेला होता आणि तोवर डोळ्याला पाणी कुणीच लावले नव्हते. का, तर "जखमी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये".

हा समज फार घरांत आहे, म्हणून या महिन्यात त्यावरच लिहीत आहोत. चुना क्षार आहे. ॲसिडने डोळ्याचा वरचा थर भाजून घट्ट होतो, त्यामुळे ते आत जायला काहीशी अडचण होते. क्षाराला तशी अडचण नसते, तो आत उतरत जातो. त्यातून चुन्याचे कण वरच्या पापणीखाली चिकटून बसतात आणि तिथून जाळत राहतात. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे जास्त भाजलेला डोळा लाल न दिसता पांढराफटक दिसतो, कारण रक्तवाहिन्याच जळालेल्या असतात. "लाली नाही, म्हणजे बरे आहे" असे त्या दिवशी मामा आम्हाला सांगत होते.

अशा वेळी डॉक्टरला शोधण्याआधी नळ शोधा. वजूचा लोटा, माठ, बाटली, जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते घ्या. डोके दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलते करा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघडून निदान अर्धा तास धार सोडा. मूल रडेल, ओरडेल, दोघांनी धरावे लागेल. गाडीतही पाणी चालू ठेवा. चुना मारायला लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. संडास साफ करायचे ॲसिड किंवा ओले सिमेंट उडाले तरी हेच करायचे.

सुरम्याबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. सुरमा लावण्याच्या सुन्नतीवर आमचे काही म्हणणे नाही, पण दुखऱ्या डोळ्यात तो घालू नका. शिवाय बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसे सापडले आहे, म्हणून लहान मुलांना तो नकोच.

त्या मुलाचा डोळा राहिला, नजर मात्र पूर्ण आली नाही. नानी अजून विचारते, गुलाबजलामुळे झाले का? नाही, चुन्यानेच झाले. पण तो दीड तास फुकट गेला, हेही तिला सांगावे लागले. ते सांगताना आम्हाला जड गेले.

बाकी आमच्याकडे येणारे बहुतेक डोळे साधे असतात. कुणाच्या डोळ्यात ग्राइंडरचा कण, कुणाचे डोळे आलेले, कुणी दिवसा उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिलेले आणि रात्री वाळू खुपल्यासारखे कळवळत आलेले. यांतले बरेच जण औषध घेऊन लवकर बरे होतात.

एका दुखण्याची मात्र धास्ती वाटते, कारण ते डोळ्याचे वाटतच नाही. पन्नाशी-साठीच्या बाईचे संध्याकाळी अचानक अर्धे डोके ठणकू लागते आणि उलट्या होतात. घरचे पित्त समजून सोडा देतात, सकाळी बघू म्हणतात. तिला विचारा, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का? डोळा लाल आहे का, नजर धूसर झाली का? तसे असेल तर तो एकाएकी उठलेला काचबिंदू असू शकतो. एरवी 21 पर्यंत असणारा डोळ्यातला दाब यात 50 च्याही पुढे जातो आणि नजरेची नस दबते. औषधाने दाब उतरवून लेझरने बुबुळाच्या रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडले की बहुधा वाट मोकळी होते. दुसऱ्या डोळ्यालाही तोच धोका असतो, म्हणून तो न दुखताच त्यालाही छिद्र पाडून घ्यायला सांगतात. अशा बाईला त्याच रात्री आणा, फजरची वाट पाहू नका.