उधारीचा आकडा बदलला कोणी?

"दादा, मी नाही केलं." काउंटरवरच्या पोराचं हे बोलणं मी ऐकूनच घेतलं नाही. एका गिऱ्हाईकाची उधारी सॉफ्टवेअरमध्ये ४,२०० ची २,४०० झाली होती. आम्ही सगळे एकाच ‘अ‍ॅडमिन’ लॉगिनने काम करायचो. संशय त्याच्यावर गेला, पोरगं काम सोडून गेलं. दिवाळीच्या साफसफाईत डायरी सापडली. त्यात १,८०० जमा, माझ्याच अक्षरात! रात्री घरून मीच आकडा बदलून विसरलो होतो. फोन केला, माफी मागितली. तो काही परत आला नाही.

कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद न करता येणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. तुमचं-माझं प्रोप्रायटरशिपचं दुकान या नियमात येत नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या दिवसापासून ही नोंद ठेवा.

ओळखीच्या डेव्हलपरकडून सॉफ्टवेअर बनवून घेताय? तो म्हणेल, "बिलाच्या टेबलमध्येच ‘शेवटचा बदल कोणी केला’ असा कॉलम टाकतो." नको म्हणा. त्यात फक्त शेवटचं नाव राहतं, जुना आकडा गेला तो गेलाच. वेगळं टेबल मागा: कोणी, कधी, कुठलं बिल, आधी किती, नंतर किती. ही नोंद डेटाबेसच्या ट्रिगरने व्हावी, म्हणजे स्क्रीन सोडून कोणी थेट डेटाबेसमध्ये हात घातला तरी ती पडते. एक गोम आहे. सॉफ्टवेअर डेटाबेसशी बहुतेक वेळा एकाच लॉगिनने जोडलेलं असतं, त्यामुळे काउंटरवर कोण बसलंय हे ट्रिगरला आपोआप कळत नाही. ते नाव सॉफ्टवेअरने प्रत्येक बदलासोबत पाठवायला हवं. आणि त्या टेबलमधलं काही बदलायचा किंवा पुसायचा हक्क रोजच्या कुठल्याच लॉगिनला नको. मालकाच्याही नाही, माझ्यासारखे मालक असतातच!

सगळंच नोंदवत बसू नका. रेट, उधारी, स्टॉक, डिस्काउंट, रद्द बिलं, एवढं पुरे. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मात्र द्याच, नाहीतर लॉगमध्ये पानभर ‘अ‍ॅडमिन’ दिसेल.

आज दुकान बंद करताना एक टेस्ट बिल १० रुपयांचं बनवा, ते १२ करा आणि आधीचे १० कुठे दिसतात का ते शोधा.